मिरामारला जाण्याआधी: टँकमधल्या टर्नची तयारी

गोव्याच्या आयर्नमॅन ७०.३ या ट्रायथलॉनमध्ये, म्हणजे पोहणं, सायकल आणि धावणं अशा सलग शर्यतीत, मिरामारच्या समुद्रात १.९ किलोमीटर पोहायचं असतं. २५ मीटरच्या टँकमध्ये हेच अंतर म्हणजे ७६ लॅप आणि ७५ टर्न. दर टर्नला भिंतीला पाय मारून चार-पाच मीटर पुढे गेलात, तर तीनशेहून जास्त मीटर हात न मारताच पार होतात. वर प्रत्येक वेळी कठडा धरून दोन सेकंद दम खाल्ला, तर अडीच मिनिटं आराम झाला. समुद्रात यातलं काहीच मिळणार नाही. म्हणून सगळ्यात आधी कुणाला तरी कडेला उभं करून मोबाइलवर तुमचे शेवटचे दहा टर्न शूट करायला सांगा. पहिले टर्न सगळ्यांचेच बरे असतात.

मग टँक नीट बघून घ्या. उथळ टोकाला पाणी कमरेइतकंच असेल तर तिथे कोलांटी मारू नका, तिथे हात भिंतीला लावून साधा टर्न घ्या आणि खोल बाजूला फ्लिप, म्हणजे कोलांटी मारून पायांनी भिंत ढकलायचा टर्न. भिंतीच्या टाइल्सवर बुळबुळीत शेवाळ असेल तर पाय निसटतो. शिडी आपल्या लेनमध्ये येते का, तेही पाहा. सोसायटीच्या टँकची लांबी विचारत बसण्यापेक्षा टेपने मोजा, कारण घड्याळात चुकीची लांबी भरली तर सगळे आकडे खोटे निघतात. शक्यतो गर्दी नसलेली बॅच धरा. तरीही भिंतीला टेकून गप्पा मारणारे एक काका प्रत्येक टँकवर असतातच. त्यांना आधीच सांगून ठेवा.

ट्रायथलॉनवाल्याला फ्लिप टर्न लागतो कशाला, हा वाद जुना आहे. शर्यतीत तो लागत नाही, हे खरंच. तरीही शिकावा असं माझं मत आहे, कारण साध्या टर्नला तोंड वर येतं आणि एक जादा श्वास मिळतो. फ्लिपमध्ये तो मिळत नाही. लाट तोंडावर आली की श्वास एका खेपेपुरता पुढे ढकलावा लागतो, त्याची सवय इथेच लागते. सायनसचा किंवा चक्करेचा त्रास असेल तर मात्र हट्ट सोडा. साधाच टर्न घ्या, फक्त हात भिंतीला लागला की लगेच निघा.

फ्लिपची तयारी भिंतीपासून दूर, पाण्याच्या मधोमध सुरू करा. हात मांड्यांशी ठेवून हनुवटी छातीला लावायची, गुडघे पोटाशी घ्यायचे आणि संपूर्ण गिरकीभर नाकातून हळूहळू हवा सोडत राहायची. हवा थांबली की पाणी थेट नाकात चढतं. हे जमल्यावर भिंतीकडे या. तळाची काळी रेघ भिंतीच्या दोन मीटर आधी आडव्या पट्टीने संपते. नजर त्या पट्टीवर हवी, भिंतीवर नको. मान वर केली की कंबर बुडते आणि कोलांटी अर्धवट राहते. पट्टीनंतर तुमचे किती हात बसतात ते ठरवून घ्या. उंचीप्रमाणे एक किंवा दोन. शेवटच्या दोन हातांत श्वास घ्यायचा नाही. पाय खांद्याइतके फाकवून टेकवा, पाठीवर असतानाच ढकला आणि सरळ होत पालथे व्हा. पोटरीत गोळा येत असेल तर जोर कमी करा. तसंही या तयारीत लांब ग्लाइडचा, म्हणजे हात न मारता नुसतं सरकत जाण्याचा मोह टाळायचाच आहे. पट्टी ओलांडली की पहिला हात मारा.

आठवड्यातून एक दिवस भिंतीला शिवायचंच नाही. आडव्या पट्टीवरूनच वळायचं. वेग शून्यावर येतो, पाय जड होतात आणि पुन्हा सगळं हातांवर उभं करावं लागतं. दहा-बारा लॅपमध्येच खरा दम कळतो. त्याच दिवशी बोयाचं, म्हणजे समुद्रात वळायची जागा दाखवणाऱ्या तरंगत्या खुणेभोवतीचं वळणही घोटा. लाइफगार्डला विचारून लेनची दोरी काढून घ्या आणि पाण्यात एका मित्राला बोया म्हणून उभं करा. त्याच्याजवळ आल्यावर एक हात फ्रीस्टाइलचा, मग पाठीवर वळून एक हात बॅकस्ट्रोकचा, आणि परत पालथं. दोन्ही बाजूंनी करा, कारण कोर्स कुठल्या हाताला वळेल ते तुम्ही ठरवत नाही. दर आठ-दहा हातांनी डोळे फक्त पाण्यावर काढून समोर बघायची सवयही याच सत्रात लावा. मान उचलायची ती श्वासासाठी नाही, श्वास नेहमीसारखा बाजूलाच.

पुल बॉय, म्हणजे पाय तरंगवायला मांड्यांत धरायचा फोमचा तुकडा, आता कमी करा. पाणी २४.५ अंशांच्या वर असेल तर वेटसूट, म्हणजे तरंगायला मदत करणारा रबरी पोशाख, घालून वयोगटाचं बक्षीस घेता येत नाही, आणि गोव्याचं पाणी त्याहून बरंच गरम असतं. तेव्हा पाय तरंगवायला काही मिळेल ही आशा नको.

शर्यतीच्या आधी निदान दोन-तीनदा खऱ्या समुद्रात उतरा, पण एकट्याने कधीच नाही. मालवणच्या चिवला बीचवरची सागरी जलतरण स्पर्धा यासाठी चांगली. भरती-ओहोटीची वेळ बघा, कमरेला रंगीत फ्लोट बांधा आणि काठावरच्या जीवरक्षकाला सांगून जा. गॉगलचा पट्टा टोपीच्या आतून घ्या, म्हणजे कुणाचा हात लागला तरी तो निघत नाही. आणि नियमातली एक सवलत पाठ ठेवा: दम लागला तर कयाक किंवा बोया धरून थांबता येतं, फक्त त्याच्या आधाराने पुढे सरकायचं नाही.