पोस्ट टाकण्याआधी उत्तर कोण देणार ते ठरवा

सोशल मीडियावर संस्थेचं पेज सुरू करताना सगळा वेळ लोगो आणि रंगसंगतीत जातो. कमेंटला उत्तर कोण, किती वेळात देणार, हे मात्र कुणी ठरवत नाही. जाहिरात आवडलेला माणूस पैसे मोजण्याआधी खालच्या कमेंट वाचतो. तिथे प्रश्न तसेच पडून दिसले की जाहिरातीचा खर्च वाया.

पेजचा पूर्ण अ‍ॅक्सेस किमान दोघांकडे ठेवा आणि दोघांच्याही खात्यांना टू-फॅक्टर ऑथेंटिकेशन (पासवर्डसोबत दुसरा कोडही मागणारी सुरक्षा) लावा. एकट्याच्या खात्यावर सगळं ठेवलं आणि तो नोकरी सोडून गेला, तर पेज परत मिळवताना नाकी नऊ येतात.

मजकुराचं गणित सोपं आहे. इन्स्टाग्रामवर कॅप्शन २,२०० अक्षरांपर्यंत चालतं, पण फीडमध्ये सुरुवातीची ओळ-दीड ओळच दिसते. तारीख, ठिकाण, सवलत, जे सांगायचं ते तिथेच उरका. कॅप्शनमधली लिंक उघडत नाही. ती बायोमध्ये (प्रोफाइलवरच्या ओळखीच्या मजकुरात) किंवा स्टोरीच्या स्टिकरवर द्या. उभा व्हिडिओ १०८० बाय १९२० पिक्सेलचा करा आणि अक्षरं मधल्या भागात ठेवा, कारण तळाशी खात्याचं नाव आणि बटणं येतात. सबटायटल्स हवीतच, आवाज बंद ठेवून बघणारे पुष्कळ असतात.

प्रत्येक लिंकला यूटीएम टॅग, म्हणजे लिंक कुठे टाकली ते सांगणारे शब्द, शेवटी जोडा, म्हणजे विचारणा कुठून आली ते कळतं. टॅग एकाच पद्धतीने लिहा. वेबसाइटवर लोक कुठून आले ते मोजणारं गूगल अ‍ॅनालिटिक्स इंग्रजी कॅपिटल आणि स्मॉल अक्षरं वेगळी धरतं, त्यामुळे एकाच मोहिमेचे आकडे दोन ओळींत फुटतात. लाइक मोजत बसू नका. क्लिक, सेव्ह आणि आलेले मेसेज जास्त खरं बोलतात.

खरी कसोटी तक्रारीची. आधी स्क्रीनशॉट घ्या. मग त्याच कमेंटखाली, सगळ्यांना दिसेल असं उत्तर द्या: ‘पार्सल फुटलेलं मिळालं, ही आमची चूक. ऑर्डर नंबर मेसेजमध्ये पाठवा, उद्या दुपारपर्यंत कळवतो.’ ऑर्डर किंवा फोन नंबर उघड्यावर मागू नका. दिलेली वेळ पाळा आणि काम झालं की पुन्हा त्याच कमेंटखाली येऊन ‘बदली पार्सल आज पाठवलं’ असं लिहा. ही शेवटची पायरी जवळजवळ सगळेच गाळतात, आणि बाहेरून बघणाऱ्याला वाटतं की प्रकरण दाबलं. ‘गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत’ हे एकच वाक्य दहा जणांना चिकटवलं, तर उत्तर न दिलेलं परवडलं.

कमेंट काढायची ती फक्त शिवीगाळ, फसव्या लिंक किंवा कुणाची खासगी माहिती असेल तेव्हा. फेसबुकवर ‘हाइड’ केलेली कमेंट लिहिणाऱ्याला आणि त्याच्या मित्रांना दिसतच राहते, म्हणजे चिघळायचं ते त्यांच्यात चिघळतंच. पोस्टमध्ये चूक सापडली तर गुपचूप डिलीट करू नका. दुरुस्ती करा आणि ‘वेळ चुकीची छापली होती, ती बदलली’ असं स्पष्ट लिहा.

प्रकरण मोठं असेल, तर आधी शेड्यूल केलेल्या सगळ्या पोस्ट आणि चालू जाहिराती थांबवा. नाहीतर माफीनाम्याच्या वरच ‘धमाका ऑफर’ झळकते आणि त्याचाच स्क्रीनशॉट फिरतो.