डॉल्फिनचं ऐकायचं असेल तर आधी इंजिन बंद करा

दरवर्षी बारावी झालेली दोन-चार मुलं विचारतात, 'ताई, डॉल्फिनच्या आवाजावर संशोधन करायचंय, सुरुवात कुठून करू?' मी पेडण्याची, मांडवी-जुवारीच्या मुखाशी हेच काम करते. माझं उत्तर ठरलेलं आहे: भौतिकशास्त्र घ्या. प्राण्यांची माया सगळ्यांनाच असते, पण डेसिबलची भीती ज्याची गेली तोच इथे टिकतो. पुढे ताळगावला गोवा विद्यापीठात सागरी विज्ञान करा, मग पीएच.डी.

होडीवर जाल तेव्हा वारा उठायच्या आत निघा. इंजिन बंद करून होडी वाहू द्या. हायड्रोफोन, म्हणजे पाण्याखालचा माइक, नुसत्या दोरीला बांधलात तर लाटेचा प्रत्येक हिसका रेकॉर्डिंगमध्ये 'धप्प' करून येतो. म्हणून मध्ये हातभर रबर घाला, खाली जाळ्याचं शिसं लावा आणि ४-५ मीटर सोडा. हेडफोनमध्ये आधी फोडणीतल्या मोहरीसारखी अखंड तडतड येईल. एक चिमुकली कोळंबी नांगी झटकन मिटते, त्यातून होणारा बुडबुडा फुटल्याचा तो आवाज. तिच्यामागून डॉल्फिनची शिट्टी ओळखायला कान तयार व्हावा लागतो; पावसाळ्यात होडी बंद असते तेव्हा जुन्या फायली ऐकत बसा. पाण्यातले असे आवाज तपासायचं पॅमगार्ड हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं.

रेकॉर्डरवर मात्र पैसे वाचवू नका. माणसाला २० किलोहर्ट्झपर्यंत ऐकू येतं, डॉल्फिनला दीडशेच्या आसपास. जे पकडायचं त्याच्या दुपटीहून जास्त सॅम्पलिंग, म्हणजे रेकॉर्डरने सेकंदाला घेतलेले आवाजाचे नमुने, लागतं. मी पहिलं वर्ष ९६ किलोहर्ट्झ सॅम्पलिंगवर काढलं, म्हणजे ४८ च्या वरचं सगळं गेलं. पाठीवर पर नसलेला पॉरपॉइज, डॉल्फिनचा छोटा भाऊबंद, सव्वाशेच्या आसपास क्लिक करतो. तो होडीशेजारून गेलेला मी डोळ्यांनी पाहिला, फाइलमध्ये तो नाही. ते वर्ष मला अजून सलतं.

किनाऱ्यावर मेलेला डॉल्फिन दिसला तर हात लावू नका, वनखात्याला कळवा. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात त्याला पहिल्या परिशिष्टाचं संरक्षण आहे. परवानगीने हाडं पाहायला मिळाली, तर खालच्या जबड्याचा मागचा भाग उजेडासमोर धरा. हाड इतकं पातळ की उजेड आरपार दिसतो. जिवंतपणी तिथे चरबी असते, आणि तिच्यातूनच आवाज आतल्या कानापर्यंत पोचतो.

वहीत वेळ, भरती-ओहोटी, डॉल्फिन किती, याबरोबर चालू इंजिनांचा रकाना ठेवा. सिकेरीला सहलीच्या होड्या कळपाला घेरतात तेव्हा शिट्ट्या ऐकू येत नाहीत. डॉल्फिन गप्प झाले, का त्यांच्या शिट्ट्या इंजिनांच्या आवाजाखाली झाकल्या गेल्या, हे त्या रकान्याशिवाय शोधता येणार नाही.