ठळक केलं म्हणजे शीर्षक होत नाही: ई-पुस्तकाच्या फाईलीत या चुका टाळा

कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या आमच्या वर्गात नवा लेखक किंवा संपादक येऊन बसला की पहिल्याच तासाला विचारतो, "सर, ईपब कधी करायचं?" ईपब सगळ्यात शेवटी. ईपब म्हणजे ई-पुस्तकाची फाईल, एक्सएचटीएमएलच्या (वेबपानांसारख्या) पानांचं झिप केलेलं गाठोडं. ही ओळ शीर्षक, हा परिच्छेद, हे अवतरण, असं त्या पानांत टॅग नावाच्या खुणांनी नोंदलेलं असतं. ती नोंद सॉफ्टवेअर करतं खरं, पण तुमच्या वर्डच्या फाईलीत बघून. तिथं काही सांगितलेलं नसेल तर ते आपल्या मनानं ठरवतं, आणि मग निस्तरायला माणूस लागतो.

ठळक अक्षरांचा सोस

सगळ्यात हट्टी चूक हीच. ओळ निवडायची, कंट्रोल-बी दाबायचं, आकार १८ करायचा, झालं शीर्षक!

एका प्रकाशकाचं कोल्हापुरी स्वयंपाकाचं पुस्तक होतं. लेखिका काकूंचा हात तेलातिखटात सढळ, तसाच ठळक अक्षरांतही. पदार्थाचं नाव ठळक, साहित्य ठळक, टीप ठळक. छापील पुस्तकात कुणाचं काही अडलं नाही, कारण वाचणाऱ्याला संदर्भानं कळतं. डिजिटल आवृत्तीच्या वेळी प्रकाशकाच्या ऑपरेटरला घाई. त्यानं एका पदार्थाच्या नावावर कर्सर ठेवला, 'सारखं फॉरमॅटिंग असलेला सगळा मजकूर निवडा' ही सोय वापरली आणि सगळ्याला हेडिंग २, म्हणजे वर्डमधली उपशीर्षकाची तयार स्टाइल, लावून मोकळा झाला.

पुस्तक फोनवर उघडलं. अनुक्रमणिकेत पांढरा रस्सा, त्याखाली 'मीठ चवीनुसार'. तांबडा रस्सा, पुन्हा 'मीठ चवीनुसार'. कांदा-लसूण चटणीची तर कमालच. ती निम्म्या पदार्थांच्या साहित्यात आहे आणि तिची स्वतःची कृतीही पुस्तकात आहे. त्यामुळे अनुक्रमणिकेत तिचं नाव जागोजागी, आणि त्यावर टिचकी मारली की कधी मिसळ उघडायची, कधी मटण. यातली खरी चटणी कुठली ते वाचकानं कसं ओळखायचं? गंमत म्हणजे ईपब तपासणाऱ्या ईपबचेक या सॉफ्टवेअरनं फाईल बिनचूक ठरवली होती. तो टॅगची मांडणी नियमात आहे का तेवढं बघतो. मीठ हे शीर्षक नव्हे, हे त्याला कुठून कळणार?

काकूंना फाईल दाखवली तर म्हणाल्या, "अरे, दिसतंय की ठळक! मग बिघडलं कुठं?"

"काकू, ठळक आहे एवढंच फोनला कळतंय. कशासाठी ठळक, ते तुम्हालाच ठाऊक."

मग प्रिंटआउट काढला आणि काकूंच्या हातात रंगीत पेन्सिली दिल्या. पदार्थाला लाल, साहित्याला निळी, टिपेला हिरवी. खुणा करता करता त्यांनीच कितीतरी ठिकाणचं ठळक काढून टाकलं, "हे उगाच केलंय" म्हणत. त्यानंतर लाल ते हेडिंग २, निळं ते यादी, हिरव्याला 'टीप' नावाची वेगळी स्टाइल.

मी अजून असंच शिकवतो. पहिल्या दिवशी संगणक बंद, कागद आणि पेन्सिली बाहेर. "यूट्यूबवर हेच दहा मिनिटांत दाखवतात" म्हणणारे इथंच गळतात. गळू देत. लेखकाला चार-पाच स्टाइल पुरतात, त्याला टॅग पाठ करायला लावू नये. संपादकानं मात्र "ते डीटीपीवाला बघेल" म्हणून अंग काढू नये. एखादी ओळ उपशीर्षक आहे की नुसता जोर दिलाय, हे डीटीपीवाल्यानं का ठरवायचं?

"हेडिंग लावलं की अक्षरं निळी होतात" ही तक्रार नेहमीची. अहो, मग स्टाइलचा रंग बदला, स्टाइल कशाला सोडता? आकार बदलूनही देवनागरी तसूभर हलत नसेल तर स्टाइलच्या फाँट खिडकीत 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट' हा वेगळा कप्पा बघा. आपल्या लिपीचा फाँट आणि आकार तिथं द्यावा लागतो. हे न कळल्यामुळे कित्येक जण स्टाइलचा नाद सोडून पुन्हा कंट्रोल-बीवर आलेले मी पाहिलेत.

आणि आकार आवडला म्हणून हेडिंग १ खाली थेट हेडिंग ४ लावू नका. दृष्टिहीन वाचक एनव्हीडीए या पडदा वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर 'एच' कळ दाबत शीर्षकाशीर्षकांवरून पुढं जातात. मधली पायरी गायब असली की आपलंच काही वाचायचं राहिलं असं त्यांना वाटतं.

आचाऱ्यांचे आचार्य

जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटातला मजकूर कन्व्हर्टरमधून काढायचा आणि न वाचता पुढं ढकलायचा, ही माझी दुसरी डोकेदुखी. याच पुस्तकात भाकऱ्यांच्या 'भाकर्या' झाल्या, पुऱ्यांच्या 'पुर्या', आणि लग्नाच्या पंगतीत तिखटाचा अंदाज 'आचार्यांना' विचारायला सांगितलं होतं.

कारण असं. 'भाकऱ्या'तला हा अर्धा र युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिला जातो. एक, नुक्त्याचा ऱ आणि हलन्त. दुसरी, साधा र, हलन्त आणि त्यामागे झेडडब्ल्यूजे हे न दिसणारं जोडचिन्ह. कुणीतरी फाईल 'साफ' करायची म्हणून न दिसणारी चिन्हं सरसकट उडवतो, की दुसऱ्या तऱ्हेच्या र चा रफार होतो. एकाच फाईलीत दोन्ही तऱ्हा असल्या तर शोधही फसतो. डोळ्यांना शब्द तोच दिसतो, पण एका तऱ्हेनं शोधलेलं दुसरीत बहुधा सापडत नाही.

मी आधी सगळं पहिल्या तऱ्हेत आणतो, मग 'र्य' शोधून एकेक जागा डोळ्यांनी बघतो. 'रिप्लेस ऑल' दाबायचं नाही. सूर्य, कार्य, पर्याय या शब्दांनी काय घोडं मारलंय? वेळ जातो, जाऊ दे.

बाकीच्या, पटकन

जागा सोडायला एन्टरवर एन्टर मारू नका. अंतर स्टाइलमध्ये द्या.

ओवी-अभंगाच्या कडव्यातल्या ओळी शिफ्ट-एन्टरनं तोडा. नुसत्या एन्टरनं प्रत्येक चरण वेगळा परिच्छेद होतो. स्पेस मारमारून मध्यभागी आणलेली कविता फोनवर कशी दिसते, ते एकदा अक्षर मोठं करून बघाच.

'पान ४५ पाहा' असं लिहू नका. अक्षराच्या आकाराबरोबर मजकूर सरकतो, तिथं ४५वं पान कुठलं? दुवा द्या.

तळटिपेचा आकडा हातानं वर चढवू नका, वर्डची तळटीप घाला.

तक्त्याचा फोटो चिकटवू नका.

व्हॉट्सॲपवरून आलेला मजकूर 'फक्त मजकूर' म्हणूनच पेस्ट करा.

फाईलीची भाषा हिंदी राहिली तर वाचून दाखवणारं यंत्र हिंदी आवाज निवडतं आणि झुणक्याचा झ 'झेंड्या'तल्या झ सारखा म्हणतं. काही फाँट ल आणि श यांची मराठी वळणंही या भाषेच्या खुणेवरूनच निवडतात. वर्डमध्ये सगळा मजकूर निवडून प्रूफिंगची भाषा मराठी करा, ईपबमध्ये भाषेचा कोड 'एचआय' (हिंदी) असेल तिथं 'एमआर' (मराठी) घाला. बाहेरून आलेल्या फाईलीत मी हे सगळ्यात आधी बघतो, कारण तिथं हिंदी असेल तर बाकीचंही सहसा कुणी पाहिलेलं नसतं.