सोलापुरात कमी पैशात रक्तबंबाळ हॉरर शॉर्टफिल्म कशी करायची

खानदानाला शाप आहे, भिंतीतून रक्त येतंय, वाडा मामाचा आहे आणि खिशात पैसे नाहीत, अशी पोरं दर दिवाळीनंतर विचारायला लागतात म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

आधी शाप कुणाचा ते ठरवा. नुसता "पूर्वजांचा शाप" म्हणून भागत नाही बे, आपल्याकडे तळतळाट लागतो, आणि तो लागायला कुणीतरी कुणाचं तरी खाल्लेलं असावं लागतं. सोलापुरात गोष्ट दारातच पडलीय. पणजोबांचे माग, त्यावर राबणारा कामगार, त्याची बुडवलेली मजुरी, एका रात्री मागात अडकलेला त्याचा हात, आणि घरच्यांनी दवाखान्यात न्यायचं सोडून दार लावून घेतलं. झालं. आता कारखाना ज्याच्या नावावर होतो त्याचा उजवा हात जातो. हा नियम लोकांना सुरुवातीलाच कळू द्या, मग नातू वाटणीच्या कागदावर सही करायला पेन उचलतो ना, तिथंच अर्धी लोकं डोळे झाकतात, रक्ताचा थेंब नसताना. ज्या फिल्ममध्ये हे नसतं तिथं बादलीभर ओतलं तरी पोरं हसतात.

आता रक्त. केकचं सामान मिळतं त्या दुकानातून लिक्विड ग्लुकोज आणा. 1 कप ग्लुकोजला पाव कप पाणी, खाण्याचा लाल रंग, 1 चमचा कोको पावडर (आधी थोड्या पाण्यात कालवून, नाहीतर गुठळ्या होतात) आणि निळ्या रंगाचा अगदी एक थेंब. कोको आणि निळा टाकला नाही तर ते रूहअफजा दिसतं. वाळलेलं जुनं रक्त पाहिजे तर कोको वाढवा. डोळ्याला कसं दिसतं ते सोडा, ज्या मोबाईलवर शूट करणार त्याच्यावर आणि त्याच लाईटखाली टेस्ट घ्या, व्हाईट बॅलन्स (कॅमेऱ्याची रंग जुळवायची सेटिंग) लॉक करून, कारण पिवळ्या बल्बखाली आणि पांढऱ्या ट्यूबखाली एकच रक्त दोन रंगाचं दिसतं.

दोन भांडी वेगळी करा. तोंडात जाणारं वरच्यासारखं, खाण्याच्या वस्तूंचंच. कपड्यावर, फरशीवर टाकायचं त्यात थोडं भांडी घासायचं लिक्विड मिसळा म्हणजे डाग जरा सहज निघतो, पण हे तोंडाजवळ न्यायचं नाही, भांड्यावर मार्करने लिहून ठेवा. कुंकू कालवून रक्त करायचा शहाणपणा नको, त्यात काय काय असतं सांगता येत नाही. अंगाला आधी खोबरेल चोळा, नाहीतर सोमवारी कॉलेजात लाल मान घेऊन जावं लागेल.

जखमेला टिश्यू पेपर आणि लिक्विड लॅटेक्सचे (पातळ रबराचे) थर द्या, सुकले की मधोमध फाडा आणि आत रक्त भरा. लॅटेक्सची काहींना अ‍ॅलर्जी असते, आदल्या दिवशी मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघा. यूट्यूबवाले जिलेटिनची जखम शिकवतात, ती आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये 40 च्या वर पारा गेला की गालावरून घरंगळते, म्हणून शूट नोव्हेंबर ते फेब्रुवारीत घ्या. त्यातही जानेवारीत गड्ड्याचे, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेचे दिवस टाळा, गर्दी आणि लाउडस्पीकर दोन्ही असतात. सडलेल्या मांसाला भिजवलेला साबुदाणा लाल-तपकिरी रंगवून वापरा, क्लोजअपमध्ये बघवत नाही. मटणाच्या दुकानातलं खरं काही आणू नका, तासाभरात वास सुटतो आणि वाड्याचा मालक शाकाहारी निघाला तर तुमची फिल्म तिथंच संपली.

चिळकांडीला मेडिकलमधून मोठी सिरिंज आणि सलाईनची नवीन नळी आणा, नळी बाहीतून काढा, रक्तात थोडं जास्त पाणी घाला आणि कॅमेऱ्याच्या मागून दाबा. हात जातानाच्या सीनला चालू पॉवरलूमजवळ कुणालाही उभं करू नका, खरंच नको. बंद मागावर धोट्याचा (आडवा धागा नेतो त्याचा) क्लोजअप, नटाचा चेहरा, मग पांढऱ्या टॉवेलवर उडालेलं रक्त, एवढे तीन शॉट पुरतात. पांढरे टॉवेल कारखानदाराकडं सेकंडमध्ये स्वस्त पडतात.

आवाज मात्र मन लावून करा, निम्मी भीती तिथं आहे. हाड मोडायला कडक भाकरी माईकजवळ मोडा, ज्वारीची, चांगली वाळलेली. मांसाला ओला टॉवेल फरशीवर आपटा. आणि चालू मागाची खटखट लांबून, कारखान्याच्या दाराबाहेरून रेकॉर्ड करून ठेवा, ती पूर्ण फिल्मभर अगदी बारीक चालू ठेवायची आणि शाप जागा झाला की एकदम बंद करायची. घरात शांतता झाली की हात जाणार, हे लोकं आपोआप शिकतात.

रक्ताचा दिवस नळाच्या वेळापत्रकावर ठरवा. आपल्याकडं पाणी काही दिवसांआड येतं, म्हणून पाणी आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी, पिंप भरलेली असताना शूट. ग्लुकोजला मुंग्या आणि माश्या लगेच लागतात, पॅकअपनंतर "उद्या पुसू" चालत नाही.

शेजाऱ्यांना आणि जवळच्या पोलीस चौकीत आधी सांगून ठेवा. रात्री किंकाळ्या आणि दारात हळद-कुंकू लावलेले लिंबू म्हटल्यावर लोकं करणी समजतात, आणि 2013 पासून राज्यात जादूटोणाविरोधी कायदा आहे, फुकट समजवत बसावं लागेल. सीन झाला की लिंबू, बाहुली, सगळं उचला. आणि अपलोड करताना थंबनेलवर रक्त टाकू नका, सही न झालेली वाटणीची कागदं टाका.