घरी ओतलेल्या जाळ्याच्या शिशाच्या गोळ्या मापापेक्षा मोठ्या येतात, तेव्हा काय तपासावे

पैठणला नाथसागराच्या, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयाच्या काठावर फेकजाळे विणणाऱ्या घरांत शिसे अजूनही घरीच ओततात. जाळ्याच्या खालच्या घेराला ओळीने लावायच्या या गोळ्या. साचा 10 मिलिमीटरचा असतो आणि गोळी निघते 10.3 ची. एवढ्याने काय बिघडते, असे वाटते. पण वजन व्यासाच्या घनाच्या हिशेबाने वाढते. 10 मिलिमीटरची भरीव शिशाची गोळी साधारण 5.9 ग्रॅम भरते, तर सगळ्या बाजूंनी 10.3 झालेली 6.5 ग्रॅमच्या आसपास. जाळ्याला अडीचशे गोळ्या असतील तर सव्वाशे ग्रॅमहून जास्त शिसे फुकट गेले. शिवाय दिवसभर जाळे फेकणाऱ्याच्या खांद्याला हा फरक कळतोच. साच्याचे दोन अर्धे जिथे मिटतात त्या गोळीच्या सांध्यावर धारदार पापुद्रा असेल तर तो नायलॉनची दोरी कापतो, हे नुकसान वेगळे.

शिसे वितळवण्याआधी हे चार शब्द नीट वाचा. शिसे विषारी आहे आणि मुलांच्या शरीराला त्याचे कोणतेही प्रमाण सुरक्षित मानलेले नाही. काम अंगणात, वाऱ्याला पाठ देऊन करा. मुले आणि गरोदर बाई जवळ नकोत. कढई आणि पळी लोखंडी व फक्त याच कामाची हवी, ती पुन्हा स्वयंपाकघरात जाता कामा नये. हातात चामड्याचे हातमोजे, डोळ्यांवर चष्मा आणि पायात बूट घाला. मध्येच तंबाखू मळायची नाही, कारण शिसे पोटात जाते ते मुख्यतः हातांवरून. वितळलेल्या शिशाच्या रसात पाण्याचा एक थेंब पडला तरी त्याची क्षणात वाफ होऊन तापलेले शिसे अंगावर उडते. म्हणून ओलसर साचा, घामाचा हात, पावसाळी दिवस, सगळे टाळा. जुन्या बॅटरीतले शिसे तर वापरूच नका. त्यातल्या आम्लाने आणि मिश्रणाने विषारी वायू निघू शकतात.

आता मापाकडे वळू. गोळी पूर्ण गार होऊ द्या. दहा गोळ्या एकत्र तोलून सरासरी काढा, एकीवरून अंदाज बांधू नका. मग व्हर्नियरने (जबड्यांत धरून बारीक माप घेण्याच्या पट्टीने) प्रत्येक गोळी दोन दिशांनी मोजा. एकदा सांध्याच्या रेघेवरच जबडे टेकवून, आणि एकदा सांधा मधोमध येईल असे आडवे धरून. निम्मे उत्तर इथेच मिळते.

रेघेवर 10 आणि आडवे 10.3 आले, तर साचा बंदच झालेला नाही. साच्याच्या दोन पाखांमध्ये, म्हणजे अर्ध्यांमध्ये फट राहिली आणि गोळी तेवढीच फुगली. माझ्या हातून हे झाले होते. नवा साचा लेथवाल्याकडून करून घेतला होता आणि गोळ्या मोठ्या येऊ लागल्यावर महिनाभर मी त्यालाच दोष देत राहिलो. शेवटी काकांनी साचा उन्हात उघडून धरला आणि म्हणाले, “अरं, हे बघ, शिशाचा कण बसलाय कडेला. साचा सरळ हाय, मिटंना म्हणून मोठं येतंय.” पिनेच्या भोकाशी मोहरीपेक्षा लहान कण चिकटलेला होता.

तेव्हा आधी पाखांच्या मिटणाऱ्या बाजू लाकडी काडीने आणि सुती कापडाने स्वच्छ करा. चाकू लावू नका, ओरखडा पडला की तिथून पुन्हा पापुद्रा येतो. मग रिकामा साचा मिटून उजेडासमोर धरा. उजेडाची रेघ दिसली तर कण, वाकलेली पिन किंवा ढिली बिजागरी शोधा. काही जण गोळी सहज सुटावी म्हणून साच्याला चिमणीची काजळी धरतात. गोळीचा आकार देणाऱ्या खोबणीत काजळीचा पातळ थर चालतो, त्याने गोळी उलट किंचित लहान येते. पण तीच काजळी मिटणाऱ्या बाजूंवर जमली की फट पडते. ओतताना मूठ ढिली पडत असेल तर मुठींना क्लॅम्प लावा.

दोन्ही दिशांना सारखेच मोठे येत असेल तर गोष्ट वेगळी. बहुतेक वेळा खोबणीच मोठी असते. ड्रिल डगमगले की भोक मापापेक्षा रुंद पडते. शुद्ध शिसे गोठल्यापासून गार होईपर्यंत जवळजवळ 0.9 टक्का आक्रसते. म्हणजे 10 ची खोबणी असेल तर गोळी 9.9 च्या आसपास यायला हवी. ती 10.3 येत असेल तर खोबणी सुमारे 10.4 ची झाली आहे. त्यावर इलाज नवा साचा, घासून खोबणी लहान होत नाही.

धातूचा दोष असतो, पण लोक समजतात तेवढा नाही. गाडीच्या चाकाच्या जुन्या वजनांत शिशाबरोबर अँटिमनी हा कडक धातू असतो, त्यामुळे ते मिश्रण शुद्ध शिशापेक्षा कमी आक्रसते. हा फरक मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत असतो, 0.3 मिलिमीटरचे खापर त्याच्यावर फोडू नका. ओळखायचे कसे? शुद्ध शिशावर नखाने ओरखडा उमटतो, मिश्रणावर उमटत नाही. आकार मोठा पण वजन त्या मानाने वाढलेले नाही, हीसुद्धा हलक्या मिश्रणाची खूण आहे. चाकाच्या वजनांत आता जस्ताचीही असतात. शिसे 327 अंशाला वितळते आणि जस्त सुमारे 420 ला. आच मंद ठेवली तर जस्ताचे तुकडे घट्ट राहून वर तरंगतात, ते लगेच काढून घ्या.

आच फार झाली तर स्वच्छ केलेल्या रसावर पिवळी-जांभळी झाक येते. असा पातळ रस एरवी न जाणवणाऱ्या फटीतही शिरतो आणि पापुद्रा धरतो. शिवाय गोळी आतून गोठायच्या आधीच आपण साचा उघडतो आणि ती बेढब होते. मे महिन्यात आमच्याकडे साचा दोन ओतण्यांच्या मध्ये गारच होत नाही, म्हणून मी हे काम हिवाळ्यातल्या सकाळीच करतो. गोळीवर पांढुरका दाणेदार रंग आला की दोन मिनिटे थांबावे. सुरकुत्या आल्या तर उलट, साचा गार आहे.

साच्याच्या तोंडाशी ओतलेले शिसे गोठून गोळीला देठ राहतो, तो मुळाशी कापला नाही तर तिथे उंचवटा राहतो आणि व्हर्नियर नेमका त्यावर टेकतो. मोजताना तो सोडून मोजा.

बिघडलेल्या गोळ्या कानशीने घासू नका, भुकटी उडते आणि ती श्वासात जाते. पापुद्रा चाकूने जाड कागदावर तासा आणि बाकीच्या सरळ कढईत परत टाका. कापलेले देठ आणि तासणी मोजून डब्यात भरा, काठावर सांडू देऊ नका. जायकवाडीचा परिसर पक्षी अभयारण्य आहे. बदके खड्यांबरोबर असे तुकडेही गिळतात आणि शिशाच्या विषाने मरतात.