सॉफ्ट अगारमधली वाकडी रिंग गोल कशी झाली (माझा अनुभव)

पावसाळ्यात घणसोलीच्या आमच्या लॅबमध्ये सॉफ्ट अगारच्या (बॅक्टेरिया ज्यातून पोहू शकतात अशी मऊ जेली) प्लेटमध्ये ई. कोलाय बॅक्टेरियाची रिंग गोल यायचीच नाही, नवशिक्याच्या पोळीसारखा नुसता नकाशा. मधोमध टोचलेले बॅक्टेरिया आजूबाजूचं त्यांच्या आवडीचं अमिनो आम्ल अ‍ॅस्पार्टेट संपवतात, मग बाहेर जास्त आत कमी असा उतार तयार होतो आणि ते बाहेर सरकतात, तीच रिंग. पण झाकणाला वाफ धरून थेंब पडायचे, वर पाण्याचा पातळ थर, आणि हे शहाणे त्यातून वाटेल तिकडे पोहत सुटायचे.

०.२५ टक्के अगार इतकं मऊ की प्लेट उलटी ठेवायची सोयच नाही. मग मीडिया (अगार घातलेलं बॅक्टेरियाचं खाद्य) ४५ डिग्रीच्या आसपास आल्यावरच ओतला, लॅमिनारमध्ये (स्वच्छ हवेच्या कॅबिनेटमध्ये) झाकण जरा तिरकं ठेवून वरची चकाकी जाईपर्यंत सुकू दिलं, टोचताना टिप वर न टेकवता आत घातली. इन्क्युबेटर ३७ नाही, ३० ला, कारण गरमीत फ्लॅजेला (पोहायच्या शेपट्या) कमी बनतात.

रिंगच्या गणिती मॉडेलची भानगड वेगळीच. त्रिज्या-वेळ ग्राफ सरळ रेघ आला म्हणजे केमोटॅक्सिस (रसायनाच्या उताराकडे बघून पोहणं) असं नाही हो, नुसती वाढ आणि डिफ्युजन (दिशेशिवाय पसरणं) असलं तरी रेघ सरळच येते, वेग २√(Dr), D म्हणजे पसरण्याचा गुणांक, r म्हणजे वाढीचा दर. म्हणून शेजारी टार रिसेप्टर, म्हणजे अ‍ॅस्पार्टेट ओळखणारं प्रथिन, नसलेला म्युटंट लावला (चे-वाय हे वळायला लावणारं प्रथिन नसलेला नको, तो वळतच नाही, अगारमध्ये अडकतो). ग्लिसरॉल या खाद्यावर तो वाढतो पण अ‍ॅस्पार्टेट ओळखत नाही, त्यामुळे D त्याच्या वेगावरून काढला, r वेगळा मोजला आणि केलर-सेगेल या केमोटॅक्सिसच्या मॉडेलमध्ये फक्त χ (उताराकडे ओढ किती, तो आकडा) फिट करायचा उरला. आधी तिन्ही एकदम फिट करायला सोडले की आकडे काहीही यायचे, आता रिपीटमध्ये जवळपास तेच येतात.