जुनी स्पोर्ट्स कार, तिचा आयडीव्ही अन् ते ७५ टक्के

डिप्लोमा झाला, कोण्यातरी सरांच्या हाताखाली विम्याच्या सर्व्हेयरचं (क्लेममधलं नुकसान मोजणाऱ्याचं) बारा महिन्यांचं ट्रेनिंग चालू आहे अन् सगळे दिवस ट्रॅक्टर, बोलेरो, पल्सरचे डेंट मोजण्यात चालले, असे जे पोट्टे आहेत त्यांच्यासाठी लिहितो. आयडीव्ही (पॉलिसीत धरलेली गाडीची किंमत), एनसीबी (क्लेम न घेतल्याची सूट), ओडी-टीपी (आपल्या गाडीचं नुकसान अन् दुसऱ्याचं नुकसान) तुम्हाला येतेच, ते सांगत बसत नाही. जुन्या स्पोर्ट्स कारचं मात्र कोणी शिकवत नाही. मलाही कोणी शिकवलं नव्हतं. तुम्ही म्हणाल आपल्या खेड्यात कुठली आली स्पोर्ट्स कार, तर आहेत भाऊ, जुन्या मालगुजाराच्या वाड्यात आहेत, जिनिंगवाल्याच्या गोडाऊनमध्ये सरकीच्या पोत्यांमागे आहेत, अन् त्या क्लेम घेऊनच समोर येतात, आधी कोणी दाखवत नाही.

माझ्यासमोर आली ती वरूडकडे. १९६७ ची एमजीबी, म्हणजे ब्रिटिश एमजी कंपनीची स्पोर्ट्स कार, दोन सीटची, उघड्या टपाची, मालक संत्र्याचे बागायतदार. बागेच्या रस्त्यावर भरलेली ट्रॉली मागे घेताना गाडीच्या तोंडावर आली. बोनेट, एका बाजूचा फेंडर, लायटी, रेडिएटर गेला. गाडी काही संपली नव्हती, आठ-दहा फूट ढकलून शेडमध्ये लावली होती. मला वाटलं साधी केस आहे. पॉलिसी हातात घेतली अन् पाहिलं तर आयडीव्ही ९०,०००.

आता हे नीट वाचा, दोनदा वाचा, कारण सगळा घोळ इथेच आहे. पाच वर्षांपर्यंतच्या गाडीला घसाऱ्याचा तक्ता आहे, ५ टक्क्यांपासून ५० टक्क्यांपर्यंत. पाच वर्षांच्या पुढे तक्ता संपते, तिथे आयडीव्ही कंपनी अन् मालकाने आपसात ठरवायचा असते. आपल्याकडे आपसात ठरवणं म्हणजे एजंट कॉम्प्युटरवर जो आकडा टाकते तो. अन् एजंट सांगते, काकाजी आकडा कमी ठेवा, प्रीमियम वाचते, छोट्या क्लेममध्ये काही फरक पडत नाही. अर्धं खरं आहे हे, म्हणून तर चालते. मोटरच्या ओडीमध्ये आगीच्या पॉलिसीसारखी अॅव्हरेजची कात्री नाही, त्यामुळे कमी आयडीव्हीवरही आरसा फुटला, दरवाजा दबला तर क्लेम त्या प्रमाणात कापला जात नाही. पण पॉलिसीत दुसरं एक वाक्य आहे: दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांवर गेला की गाडी कन्स्ट्रक्टिव्ह टोटल लॉस, म्हणजे दुरुस्ती न करता गाडी पूर्ण गेली असं धरायचं. ९०,००० चे ७५ टक्के म्हणजे ६७,५००.

हिशोब करा. पार्ट १,१०,००० चे, मजुरी ४०,०००. दहा वर्षांवरच्या गाडीच्या धातूच्या पार्टवर ५० टक्के घसारा, म्हणजे पार्टचे ५५,०००, वर मजुरी, झाले ९५,०००. सगळी कापाकापी करूनही ६७,५०० च्या वर. गाडी टोटल लॉस! जी गाडी दोन महिन्यांत रस्त्यावर आली असती ती कागदावर भंगार. आयडीव्ही १२ लाख असता तर हद्द ९ लाखांवर गेली असती, कंपनीने ९५,००० मधून २,००० चा कम्पल्सरी एक्सेस (मालकाने सोसायचा हिस्सा) कापून ९३,००० दिले असते अन् गाडी मालकाच्या शेडमध्येच राहिली असती. इथे मिळणार ८८,००० अन् गाडी जाणार. आकड्यात फरक पाच हजारांचा आहे अन् एका बाजूला गाडी आहे, दुसऱ्या बाजूला नाही. मालक म्हणते गाडी मीच ठेवतो, तर सॅल्व्हेजची, म्हणजे ठोकलेल्या गाडीची आहे त्या स्थितीतली किंमत वजा होते, अन् अशा गाडीच्या सॅल्व्हेजला पुण्या-मुंबईचा शौकीन आयडीव्हीच्या कितीतरी पट बोली लावू शकते. ९०,००० मधून ती बोली वजा करा. काही उरत नाही.

मालक काकाजींनी मंग घरातून १२ लाखांचा व्हॅल्युएशन रिपोर्ट आणला, लॅमिनेशन केलेला. मला म्हणे, "हे काय उगाच काढलं का आम्ही? पैसे मोजले बाप्पा." रिपोर्ट चांगला होता, करणाऱ्याने मेहनत घेतली होती. पण तो पॉलिसीच्या शेड्युलवर (गाडीचा तपशील अन् आकडे छापलेल्या पानावर) कुठेच नव्हता, कंपनीला कधी दिलाच नव्हता. अपघातानंतर त्याची किंमत शून्य. ते माझ्याच हाताने रिपोर्टात लिहायचं होतं, अन् शिव्या एजंटला नाही, मलाच बसल्या. शेवटी त्यांनी क्लेम मागे घेतला अन् मृगबहाराच्या पैशातून गाडी नीट केली. आजही त्या रस्त्याने जाताना मला नको वाटते.

म्हणून कोणी तुम्हाला व्हॅल्युएशन करायला बोलावलं तर पहिला प्रश्न रिन्यूअल कधी आहे हाच. रिपोर्ट रिन्यूअलच्या आधी कंपनीच्या ऑफिसात अंडररायटरच्या (विमा कोणत्या अटीवर द्यायचा ते ठरवणाऱ्याच्या) टेबलावर गेला पाहिजे, गाडीचं इन्स्पेक्शन झालं पाहिजे अन् ठरलेला आकडा शेड्युलवर छापून आला पाहिजे. ऑनलाइन पोर्टलवर १९६७ साल टाकून बसू नका, वेळ जाते. अन् तोंडी "हो करून देतो" याला काडीची किंमत नाही, कितीही जवळचा एजंट असो.

लोक सांगतील विंटेज म्हणून अॅग्रीड व्हॅल्यूची पॉलिसी घ्या, म्हणजे ठरलेला आकडा घसारा न कापता मिळते. तर मोटर टॅरिफमध्ये, म्हणजे मोटर विम्याच्या जुन्या नियमपुस्तकात, अॅग्रीड व्हॅल्यू फक्त ३१ डिसेंबर १९४० च्या आधी बनलेल्या गाडीला आहे, तेही व्हिंटेज अँड क्लासिक कार क्लब ऑफ इंडियाचं सर्टिफिकेट असेल तर. आरटीओचं वेगळं आहे, २०२१ च्या नियमाने पहिल्या रजिस्ट्रेशनपासून ५० वर्षं झालेली, मूळ रूपात असलेली गाडी विंटेज म्हणून नोंदवता येते, नंबरात व्हीए येते, नवीन नोंदणीची फी २०,०००. थर्ड पार्टी प्रीमियमही २०२२ च्या दरपत्रकाने अर्धा लागते, १५०० सीसीवर ७,८९७ चा निम्मा. पण आरटीओत विंटेज झाली म्हणून ओडीत अॅग्रीड व्हॅल्यू मिळाली असं होत नाही. अन् व्हीए नंबरवर गाडी रोज फिरवता येत नाही, रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यापुरतीच. ज्या मालकाला दर रविवारी बागेत चक्कर मारायची आहे त्याला हे आधी सांगा.

आता गाडी पाहणं. खरं तर याच्यावर वेगळं लिहायला पाहिजे, थोडक्यात सांगतो. एमजीबीचा चेसिस नंबर जीएचएन३ ने सुरू होते, पुढच्या आवृत्तीला (मार्क २) जीएचएन४, मागे एल असेल तर लेफ्ट हँड ड्राइव्ह. त्या काळातल्या इंजिनचा नंबर १८जीबी असा. हे पाहायचंच, कारण आपल्याकडे कित्येक एमजींच्या पोटात अॅम्बेसेडरचं इंजिन बसलेलं असते. दोन्ही बीएमसीच्या (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या) बी-सिरीजचीच भावंडं, एक १७९८ सीसीचं, एक १४८९ चं, वरून पाहून नवीन पोट्ट्याला कळत नाही, अन् गावातला मिस्त्री अॅम्बेसेडरचं डोळे मिटून बसवते. गाडी चालते झकास. पण आरसीवर १७९८ अन् आत १४८९ असेल तर किंमत पडते, क्लेमला अडचण, विंटेज नोंदणीला अडचण, म्हणून इंजिन बदल आरटीओत चढवलेला आहे का ते विचारा. चुंबक घेऊन फिरता ते चांगलं आहे, पुट्टी कळते, पण १९६७ च्या एमजीबीचं बोनेट अॅल्युमिनियमचं असते, तिथे चुंबक चिकटणारच नाही. पुट्टी म्हणून लिहून मोकळे होऊ नका. खरा गंज दरवाजाखालच्या सिलमध्ये पाहा, बॉडीला वेगळी चेसिस नाही, सिल गेली तर गाडीचा कणाच गेला. उन्हाळ्यात आपल्याकडे ४५ डिग्रीत पत्र्याच्या शेडमध्ये रबर सगळं तडकलेलं असते, ते मोजा पण त्याच्यावरून घाबरू नका, स्वस्तात बदलते.

सगळ्याच जुन्या स्पोर्ट्स कार लोखंडी नसतात हेही लक्षात ठेवा, गोव्यात बनलेली सॅन स्टॉर्म फायबरची आहे, फायबरवर घसारा ३० टक्के.

किंमत काढताना परदेशातल्या लिलावाचा डॉलर गुणिले रुपया करणारे महाभाग आहेत. अजिबात करू नका. तिथली गाडी इथे नाही अन् इथली तिथे नाही. इथे झालेले व्यवहार शोधा, कन्डिशन लिहा, मूळ पार्ट किती अन् जुळवलेले किती ते लिहा, कस्टमचे कागद आहेत का लिहा, दुरुस्तीच्या पावत्या जोडा. रिपोर्टावर तारीख अन् "विम्यासाठी" हा उद्देश हवा. आकडा कशावरून आला ते चार ओळींत सांगता आलं नाही तर तो आकडा टाकू नका.

सरांबद्दल माझं मत स्पष्ट आहे, जे सर व्हॉट्सअॅपवरच्या फोटोवरून रिपोर्ट लिहायला लावतात त्यांच्याकडे ट्रेनिंग करू नका, सही तुमच्या नावावर येते तेव्हा ते सर फोन उचलत नाहीत. कडक सर शोधा, जे तुम्हाला भर उन्हात गाडीखाली झोपवतात. सुरुवातीला पेट्रोलचे पैसेही निघत नाहीत, मलाही निघत नव्हते, घरचे विचारतात हे काय काम आहे, पण एक-दोन वर्षांत नाव होते, तालुक्यात अशी गाडी निघाली की तुम्हालाच फोन येते. भिऊ नका.

एक राहिलंच. लग्नसराईत अशा उघड्या गाडीला नवरदेवासाठी फार मागणी असते. मालक पैसे घेऊन वरातीला देत असेल तर प्रायव्हेट पॉलिसीत भाड्याचा वापर बसत नाही, वरातीत ठोकली तर क्लेम अडकते. इन्स्पेक्शनला जाल तेव्हा बंपरवर, काचेच्या रबरात झेंडूच्या पाकळ्या, चिकटपट्टीचे तुकडे दिसतात का पाहा अन् दिसले तर मालकाला तिथेच बसवून विचारा, पॉलिसी काढायच्या आधी.